वाचून दाखवायची वही

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही कळत नाही, ते समजून घ्यावं. चौथीनंतर इतकं कधी लिहिलंच नाही.

देवधर बाई जाऊन सव्वा महिना झाला. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी टिटवाळ्याहून डोंबिवलीला त्यांच्याच पोळ्या करायला निघाले होते. पिशवीत त्यांच्यासाठी माठाची जुडी होती... ती तशीच घरी परत आणली.

बाई बँकेतून रिटायर झालेल्या. ज्यांना बाहेरचा क्लास परवडत नाही, अशा मुलांना दुपारी हॉलमध्ये एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं फुकट शिकवायच्या. माझी वैशालीही तिथे बसायची. तिला जन्मापासून कमी दिसतं. पहिल्या वर्षी स्क्रीनवरची बारीक अक्षरं वाचण्यातच तिचा वेळ गेला, अर्धा पेपर राहिला. "आई, मला येत होतं गं," एवढंच म्हणाली. बाई माझ्यावर चिडल्या. "अगं सुमन, वाचून दाखवायला माणूस मिळतो, जादा वेळ मिळतो. फॉर्ममध्ये रकाना आहे ना त्याचा!" तो रकाना मीच कोरा ठेवायला लावला होता. डोळ्यांचं सांगितलं तर पोरीला बसूच देणार नाहीत, असं मला वाटलेलं. हे सांगितलं तेव्हा बाईंनी वैशालीच्या डोळ्यांचे कागद मागून घेतले. मग म्हणाल्या, "या वर्षी फॉर्म मी भरते. फी सावकाश दे."

ऐकून उत्तर द्यायचा सराव हवा, तर वाचायला मीच हवी म्हणाल्या. "बाई, मला इंग्रजी कुठे येतं?" "म्हणूनच. माझ्या आवाजावरून तिला उत्तर कळतं. तुला काही कळणारच नाही, तर सांगशील काय?" त्यांनी शंभर पानी वहीत सगळे इंग्रजी प्रश्न जाड पेनाने मराठी अक्षरांत उतरवले. पोळ्या झाल्या की हात धुऊन मी वाचायची. 'परसेंटेज'ला अडखळले की वैशाली म्हणायची, "आई, गाडी पुढे काढ!" बाई तिलाच दटावायच्या, "हसू नकोस, तिथला माणूसही अडखळेल."

परीक्षेला ठाण्याच्या केंद्रावरचा माणूस म्हणाला, "हिचा जादा वेळ माझ्या यादीत नाही." बाईंनी पिशवीतून मंजुरीचा कागद काढला. "सही तुमच्याच ऑफिसची आहे. फोन करा, आम्ही थांबतो." गुडघे दुखत असूनही खुर्चीवर बसल्या नाहीत. फोन झाला, वेळ मिळाला. वैशाली आता एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

फीचे मी महिन्याला शंभर देत गेले. बाई कधी 'राहू दे' म्हणाल्या नाहीत. मोजून घ्यायच्या आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर माझ्याकडून आकडा लिहून घ्यायच्या. त्याचं मला फार बरं वाटायचं. शेवटचे शंभर तेवढे राहिले होते. दिवसकार्य झाल्यावर मुलाला द्यायला गेले.

"मावशी, काय हे... राहू द्या."

"दादा, बाई घ्यायच्या."

त्याने घेतले. मोजायला एकच नोट होती, तरी बघून घेतली. घरी येऊन मी वहीत शेवटचा आकडा लिहिला आणि खाली, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात, लिहिलं... सगळे फिटले.