देवळाला दिलेला पोपटी रंग

तमाम मंडळींनी हातातली कामं बाजूला ठेवून ऐकावं: वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ ज्यानं पोपटी केलं, तो इसम मी आहे. खांब गुलाबी, शिखर निळं. सगळं ऑइलपेंटमध्ये.

कारण हेवा. राजगड-तोरण्याला निघालेल्या पुण्याच्या गाड्या आमच्या देवळासमोरून जायच्या, एक थांबायची नाही. गावच्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हणालो, "काळ्या डोंगराखाली काळं देऊळ. दिसणार कुणाला?" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला आवरत नाही. रंग नीट बसावा म्हणून आधी दगड घासू, असंही सुचवलं आणि भोरहून ग्राइंडर मागवून दोन दिवस स्वतःच चालवला, तोंडाला रुमाल बांधून, सेनापतीच्या थाटात. एका खांबाच्या बुडाशी ओबडधोबड छिन्नी-हातोडा कोरलेला होता. कुणा टवाळाचं काम असेल म्हणून तोही सपाट केला.

गाड्या थांबू लागल्या. माणसं फोटो काढून हसायची. मला ते कौतुकच वाटायचं.

चैत्रात भोंगवलीचे एक पाथरवट आजोबा टेम्पोनं आले. सोबत नातू आणि नवी नातसून. रंगाकडं बघत ते मला म्हणाले, "आमच्या पणज्याच्या पणज्यानं घडवलंय हे. त्याची खूण हाय खांबाला. घरात सून आली की तिचा हात त्या खुणेवर ठिवायचा. तवर तिनं सैपाकाला शिवायचं न्हाई."

"कुठल्या खांबाला, आबा?" नातवानं विचारलं.

"म्या इसरलोय व्हय? ह्याच."

ते खाली बसले, बुडाशी बोटं फिरवली. काही लागलं नाही. दुसऱ्या खांबाशी गेले. तिसऱ्या. नातू म्हणाला, "आबा, वय झालं तुमचं." आजोबा ओशाळले. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. एरवी न विचारता बोलणारा मी, त्यांना चौथ्या खांबाशीही गुडघे टेकू दिले.

मग सांगितलं. "आबा, पहिलाच खांब बरोबर होता. खूण मी घासली."

नातसून पदर खोचून, उजवा तळवा पुढं करून केव्हाची उभी होती. तिच्याकडं बघत आजोबांच्या तोंडून निघून गेलं, "आता पोरीचा हात ठिवू कुठं?"