आत्याबाईंनी घडवलेली डोकी

आमच्या सासरी लग्नात एक ठरलेला कार्यक्रम असायचा. जेवणं झाली की माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मांडवात ऐसपैस बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी दाखवायच्या. "त्यो बघ टोपीवाला, त्याचं डोकं म्या केल्यालं. ती पिवळ्या लुगड्यातली? तिचं बी माझंच." राहात्याजवळच्या त्यांच्या गावात भावकीत कुणाचंही बाळ जन्मलं की न्हाऊ घालायला आत्याबाईच जायच्या. पाटावर पाय पसरून बसायचं, पायांवर बाळ घ्यायचं, टाळू तेलानं भरायची आणि अंघोळ झाली की दोन्ही तळव्यांत डोकं धरून चहूबाजूंनी दाबत बसायचं. मग निजवायला मोहरीची उशी. आमच्या ह्यांचं डोकंही त्यांनीच केलेलं, अगदी कवठासारखं गोल. आत काय आहे त्याची जबाबदारी त्या घेत नव्हत्या, आणि मी तर मुळीच नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला मुलगा झाला. माझी आई आधीच गेलेली. माहेर म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगरातला माझा दादा आणि वहिनी. म्हणून बाळंतपण नगरला सावेडीच्या आमच्या फ्लॅटमध्येच झालं आणि आत्याबाई मोहरीची उशी काखोटीला मारून हजर झाल्या.

बाळाचं डोकं होतं लांबोडकं. समोरून चिंचोळं, बाजूनं बघावं तर पपई. शेजारणी म्हणाल्या, मेंदू मोठा असेल, शिकेल चांगला. आत्याबाईंनी नुसती एक नजर टाकली. "ह्याला काय हुतंय? म्हैनाभरात लाडू करते की न्हाई बघ."

त्या रोज कपाळ आणि मागची बाजू दाबायच्या. बाळ मजेत डोळे मिटून घ्यायचं. डोकं मात्र ऐकेना, उलट पपई वाढीलाच लागली. माझा जीव टांगणीला आणि आमचे हे म्हणजे "बघू". ह्यांना आग लागली म्हणून सांगा, आधी "बघू" म्हणतील.

मी तापट बाई. एके दिवशी मीच बाळाला उचलून नगरच्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोक्यावरून मधोमध बोट फिरवलं आणि माझंही बोट धरून फिरवायला लावलं. केसांखाली कपाळापासून मागपर्यंत एक उंचवटा होता, दोन वावरांमधल्या बांधासारखा. ते म्हणाले, "पुण्याला दाखवा, आणि वेळ घालवू नका."

पुण्याचे डॉक्टर परदेशात नवं काहीतरी शिकून नुकतेच आलेले. समजावून सांगायची त्यांना हौस होती. बाळाची कवटी म्हणजे टाके न घातलेली गोधडी, ते म्हणाले. तुकडे सुटे असतात म्हणून आतला मेंदू वाढतो तशी तीही वाढते. तुमच्या बाळाची मधली शिवण पोटातच पक्की झाली, त्यामुळे डोकं रुंदीला वाढत नाही, नुसतं लांबतं. दोन छोटे छेद देऊन, आत दुर्बीण घालून ती शिवण तेवढी कापून काढता येते. पुढे काही महिने हेल्मेट घालायचं, की वाढताना डोकं आकार घेतं. पण हे हाड कोवळं आहे तोवरच, फार तर चौथा महिना लागेपर्यंत. त्यानंतर ह्या कानापासून त्या कानापर्यंत डोकं उघडावं लागतं, रक्त जातं, मोठं काम होतं.

बाळाला तिसरा महिना चालू होता. मी तिथल्या तिथे तारीख घेतली.

घरी आत्याबाईंनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "केस काढत्यात का आधी?"

"काढावेच लागतात ना."

"मग न्हाई. वरीस भरल्याबिगर आपल्यात जावळाला वस्तरा लावत न्हाईत. देवाच्या दारात, मामाच्या मांडीवर. दवाखान्यात कोन बी येऊन माझ्या नातवाचं जावळ काढनार व्हय?"

जावळ म्हणजे बाळाचे जन्माचे केस. ते कुणाच्या मांडीवर आणि कधी उतरवायचे, ह्याच्या रीती आमच्याकडे फार कडक. पण माझं डोकं फिरलं. "आत्याबाई, वर्ष भरेपर्यंत थांबलं तर पोराचं डोकं उघडावं लागेल, जावळ कसलं घेऊन बसलात!" त्यांनी पिशवी भरायला घेतली, जेवणाचं ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "बघू." आणि स्कूटर पुसायला खाली गेले.

अस्सं का? तर मग घ्या जावळ. मी पायात चपला सरकवल्या, एसटीडी बूथ गाठला आणि दादाच्या गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराला म्हटलं, "दादाला निरोप द्या. बाळाचं जावळ पुण्याच्या हॉस्पिटलात आहे. मांडी घेऊन ये म्हणावं." तारीख सांगितली, पत्ता सांगितला. घरी येऊन आत्याबाईंना म्हटलं, "मामा येतोय. आता बोला." त्यांनी नुसतं ताट पुढे ओढलं.

आता माझा दादा. त्याला जावळ म्हणून निरोप गेला, तर तो जावळालाच आला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात अकोल्याची एक जीप थांबली. तिच्यातून फेटा बांधलेला दादा उतरला, मग वहिनी, दोन चुलत्या, तांदळाचं पोतं, बाळाचं अंगडं-टोपडं, नारळ, आणि सगळ्यांत शेवटी वस्तऱ्याची पेटी घेतलेले आमच्या गावचे न्हावी. माहेरच्या न्हाव्याशिवाय जावळ कसं करायचं, असं दादाला वाटलेलं. एक चुलती तर वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एवढ्याशा पोराचं दुर्बिनीचं आप्रेशन? आगं, ते तर आपल्या बायांचं असतंय ना, पोरं बंद करायचं?" अख्खा वॉर्ड हसला. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

सिस्टर धावत आल्या. "हे काय? वऱ्हाड कुणाचं?" मग डॉक्टर आले. मी हात जोडून सगळं सांगितलं. ते फेट्याकडे बघत राहिले, पोत्याकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाले, "वस्तरा आमचा. बाहेरचा चालणार नाही, कापलं तर जंतू जातील. बाकी मांडी कुणाचीही असू दे."

पहिली बट तेवढी आमच्या न्हाव्यांनी कात्रीनं कापली, तीही डॉक्टरांची कात्री घेऊन. बाकीचं काम हॉस्पिटलच्या माणसानं केलं आणि आमचे न्हावी शेजारी उभं राहून त्याच्या हाताला नाकं मुरडत होते. बाळ मामाच्या मांडीवर, मामा पलंगावर. केस भुईवर पडू द्यायचे नसतात म्हणून आत्याबाई पदर पसरून पुढे बसलेल्या.

जावळ उतरलं तसा तो बांध उघडा पडला. एवढे दिवस दाट केसांखाली लपलेला, आता ट्यूबलाइटच्या उजेडात स्पष्ट. आत्याबाईंनी एका हातानं पदर सावरला आणि दुसऱ्या हाताचा तळवा बाळाच्या डोक्यावरून पुढून मागे फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांच्या हाताला डोकी कळत होती.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "म्या रोज दाबलं. त्याच्यानं झालं का हे?"

म्हणजे बाई इतके दिवस हे पोटात घेऊन बसली होती. वस्तऱ्याचं, देवाच्या दाराचं भांडण माझ्याशी घातलं आणि खरी भीती ही. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

डॉक्टर खाली वाकले. "नाही हो आजी. ते जन्माच्या आधीच झालेलं. तुमच्या हातानं बिघडलंही नसतं आणि सुधारलंही नसतं."

आत्याबाईंनी डोळे पुसले. पदरातलं जावळ रुमालात बांधून दादाच्या हाती दिलं. "देवाला मी सांगते," म्हणाल्या. "तुमी उद्या करा तुमचं." आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत बाळाला त्यांनीच नेलं. मी उचलायला गेले तर मला कोपरानं बाजूला सारलं.

ऑपरेशन नीट झालं. मग डोक्याचा साचा घेऊन हेल्मेट बनलं आणि आमची वेगळीच वरात सुरू झाली. सावेडीत स्कूटरवरून जाताना हे बोडके, मी बोडकी आणि माझ्या कुशीत हेल्मेटवालं बाळ. रिक्षावाले हात दाखवून हसायचे. बाळ रांगायला लागलं तसं हेल्मेटनं दारं, पिंप, आत्याबाईंच्या नडग्या, सगळं ठोकत सुटलं. रोज हेल्मेट धुऊन पुसून वाळवायचं काम आत्याबाईंचं. त्यात कुणी हात घातलेला त्यांना खपत नसे. पण डोक्याला त्या हात लावत नव्हत्या. अंघोळीला हेल्मेट काढलं की "तूच घाल गं पानी" म्हणून उठून जायच्या. ते मला फार टोचायचं.

वाढदिवसाच्या सुमारास डॉक्टरांनी हेल्मेट बंद केलं. डोकं चांगलं रुंदावलेलं, वर केसही पुन्हा आलेले. त्याच उन्हाळ्यात भावकीत लग्न निघालं. पहिली पंगत उठल्यावर आत्याबाई मांडवात बसल्या, डोकी दाखवायला लागल्या. एका पाहुणीनं माझ्या मुलाकडे बोट केलं. "आन् ह्याचं वो? लई सुरेख हाय. हे बी तुमीच केलं?"

खोटं बोलल्या असत्या तरी मी हूं की चूं केलं नसतं.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "ह्याचं डाक्टरनं केलं. म्या नुसता पदर धरला."

मी पोराला उचललं आणि त्यांच्या पसरलेल्या पायांवर नेऊन आडवं निजवलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पाहुणीशी बोलता बोलता त्यांचे दोन्ही हात त्याच्या डोक्यावर गेले आणि जेवणाची दुसरी पंगत उठेपर्यंत तिथेच राहिले.