नातीचा मोडलेला कान

२०२४ साली मला पंच्याहत्तरावं लागलं. त्या उन्हाळ्यात माझ्या नातीनं परदेशात कुस्तीत पदक मारलं आणि गावानं ठरवलं, रस्त्याच्या कडेला तिचं मोठं चित्र काढायचं. भिंत माझ्या घराची, शेवगावच्या रस्त्याला तोंड करून असलेली. दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर मी ते होऊच दिलं नसतं.

नगरहून एक चित्रकार बाई आली. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं बघून बघून तिचा हात बसलेला. त्याच धर्तीवर तिनं नातीला काढायला घेतलं. अंगात कुस्तीचा लाल पोशाख, हातात कमळ, मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले.

मी म्हणालो, "झोपली काय ही? समोरची पट काढून पाय उचलंल की!"

बाई म्हणाली, "बाबा, ती जिंकून झाल्यावरची शांत आहे."

मला ते पटलं.

मग कान आला. मान वळलेली, म्हणून डावा तेवढाच दिसत होता. बाईनं लेण्यातल्यासारखी लांब पाळी आखली, खाली झुमका.

"ह्यो पैलवानाचा कान न्हाई," मी म्हणालो. "पोरीचा कान मोडलाय. तसा काढा."

कुस्तीत घासून घासून कानात रक्त साकळतं, मग त्याची टणक गाठ होते. तालमीत आम्ही त्याला दागिना मानतो.

सून घरातून बाहेर आली. "मामा, लगीन व्हायचंय पोरीचं. मोडका कान साऱ्या रस्त्याला दावायचाय व्हय?"

"दावायचाय. तिनं कमावलाय त्यो."

बाईसुद्धा झुमका सोडेना. शिडी माझी होती. ती मी गोठ्यात नेऊन आडवी टाकली आणि तिच्यावर बसून राहिलो. चहाही तिथंच प्यालो. दुपार कलल्यावर बाई हसत आली. "द्या शिडी. पण मोडलेला कान मी कधी काढला नाही हो."

मी टोपी वर सरकवली. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात नारळ आणि फेटा, यापलीकडं मी काही जिंकलं नाही. पण कान माझाही मोडलेला आहे, डावा. "असा काढा," म्हणालो.

रविवारी नात आली. वेशीपासून हलगी लावून आणली. भिंतीपुढं ती उभी राहिली, केस मागं सारले आणि हसतच सुटली.

"आबा, माजा उजवा मोडलाय! डावा बघा की, धड हाय. ह्यो कान तुमचा हाय!"

सगळी आळी हसली. हलगीवाल्यानं वर एक थाप मारली. मी टोपी खाली ओढली.

सुनेला आयतंच सापडलं. "बाई, आता काढा झुमका."

बाईनं रंग कालवायला घेतला. चूक माझी, तर शिडीही मीच लावावी म्हणून मी उठलो. नातीनं हात धरला.

"बसा गप. ऱ्हाऊ द्या त्यो. मला तालमीत नेलं कुनी? माजा मोडला त्यो बी तुमच्यापायीच."

"घ्या!" सून म्हणाली. "आजा तसली नात." पण हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपी उजवीकडं कलती घातली, भिंतीखाली खाट टाकली आणि डावा कान रस्त्याकडं करून शेवगावची एसटी येईपर्यंत बसलो.