धरलेल्या माणसाचं घर

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. आखाती युद्धाचे दिवस होते आणि मी कोकणातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एक बाई नवरा बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन आली. तो सौदीत, अल खफजीला इलेक्ट्रिशियन होता. त्याच्याच खोलीत राहणारा गावचा वेल्डर परतला होता, पण तिला तोंड दाखवत नव्हता. "ह्यानंच काहीतरी केलंन, साहेब," ती म्हणाली.

वेल्डर बहिणीच्या सासरी लपलाय, अशी खबर मिळाली. त्याला आणून बसवला. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा तोंडच उघडत नव्हता, नुसता बाहेर बघत होता. शेवटी म्हणाला, "खिडकी लावून घ्या, साहेब." मग माझ्या लक्षात आलं की तो आम्हाला घाबरतच नव्हता. त्याला भीती सौदीच्या पोलिसांची होती.

खिडकी लावल्यावर तो बोलला. कामगारांच्या कॅम्पातले लोक पत्राऐवजी कॅसेट भरून घरी पाठवत. इलेक्ट्रिशियनकडे डबल कॅसेटचा टेप होता. कुणालाही कॉपी करून द्यायचा, नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. ओळखीच्या एका सौदी मास्तरानं एक भाषण कॉपी करायला दिलं.

"आम्हाला वाटलं, प्रवचन असंल. अरबी कुणाला कळतंय? भाषण सरकारच्या विरोधात होतं. पोलिसांनी आधी मास्तराला नेलं, मग ह्याला. कफीलकडे, म्हणजे आमच्या तिथल्या मालकाकडे गेलो, तर तो म्हणाला, खलास, विषय संपला, त्याचं नाव काढू नको. तूही घरी जा, यल्ला, नीघ."

"मग हिला का नाही सांगितलंस?"

"बोभाटा झाला तर तिथं त्याचे हाल करतील, साहेब."

मी बाईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "तुम्ही माणूस धरलात की घरी कळवता ना?"

"कळवतो."

"मग तिथले पोलीस का नाय कळवत?"

अंगावरच्या खाकीची त्या दिवशी लाज वाटली. वरिष्ठांमार्फत दिल्लीला कागद पाठवले. चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर आलं.

सरकारवर बोललेलं नुसतं कॉपी केलं म्हणून माणूस गायब होतो, आणि शिक्षा त्याचं अख्खं घर भोगतं, हे मी त्या बाईकडून शिकलो. पुढे माझ्या ठाण्यात दारुडा धरला तरी आधी त्याच्या घरी निरोप जायचा. हवालदार कुरकुरायचे.

माझी बदली झाली तेव्हा ती भेटायला आली. म्हणाली, "नव्या साहेबांना सांगून जा. ह्यांची खबर आली तर मला कळवा, ते जिवंत नसले तरी सांगा म्हणावं. पण सांगा."

मी नव्या साहेबांना सांगून निघालो. त्यांच्याही काळात काही कळलं नाही.