जुझामावशी खोलीबाहेर आली तो दिवस

जुझा बुत्तिजीचला भित्री म्हटलं तरी राग यायचा नाही. "आहेच मी भित्री," ती म्हणायची. "माल्टात लहानपणी बॉम्ब पडायचे ना, तेव्हा तळघरात सगळ्यांच्या आधी मी!" मेलबर्नला येऊन तिनं एकतीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवल्या, नवऱ्याला मूठमाती दिली आणि ब्याऐंशीव्या वर्षी आमच्या वृद्धाश्रमात आली. मी तिथं स्वयंपाकाला होते.

२०२० च्या जुलैत आमच्याकडे कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. आठवड्यात अकरा झाले. एका सकाळी आम्हा झाडून सगळ्यांना, संपर्कात आलात म्हणून, घरी बसवलं आणि बाहेरून नवी माणसं आणली. कोण कुठल्या खोलीत, कुणाला काय चालतं, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

मावशीचा रोज फोन यायचा.

"लोसा, पोरी, आज तिसरी खोली रिकामी झाली. कुणी सांगत नाही गं, नुसता स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येतो."

"मावशी, बाहेर पाऊल टाकू नका."

"टाकतेय कशाला! मला मरायचंय का?"

तिच्या शेजारच्या खोलीत थनासिस नावाचा ग्रीक म्हातारा होता. अर्धांगवायूनं त्याची वाचा गेली होती, घास गिळता येत नव्हता. त्याचं सगळं जेवण मी मिक्सरमध्ये वाटून, पातळ करून द्यायचे.

आम्हाला घरी बसवल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी मावशीला भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू आला. मावशीनं घंटा दाबली. कुणी आलं नाही. पुन्हा दाबली. मग खोकला एकदम थांबला.

"खोकत होता तोवर ठीक होतं," ती मला नंतर म्हणाली. "थांबला तशी मी उठलेच."

मास्क सापडेना. तशीच भिंत धरधरून ती गेली. थनासिसचे ओठ निळे पडले होते, हातात अर्धा टोस्ट. तिनं त्याला पुढं वाकवलं आणि पाठीत धपाटे घातले. पाचव्या धपाट्याला तुकडा बाहेर पडला.

तेवढ्यात प्लास्टिकचा झगा घातलेली एक मुलगी धावत आली.

"आजी, आत जा! बाहेर यायला बंदी आहे!"

"ब्रेड कुणी दिला याला?"

"ताटात आला तो दिला."

"अगं, याला गिळता येत नाही! लिही कुठंतरी. दारावर लिही!"

मुलगी रडायलाच लागली. "मला दोनच दिवस झालेत इथं. मलाही भीती वाटते हो."

मावशी आत गेली नाही. ती त्याच्याच पलंगाच्या कडेवर बसली आणि तिथूनच खोल्यांच्या त्या ओळीतल्या चौदा जणांची नावं, पथ्यं, कोण बहिरं, कोण पडतं, सगळं सांगत गेली. मुलीनं डोळे पुसत दारादारांवर लिहून काढलं.

त्यानंतर सहाव्या दिवशी मावशीला ताप चढला. सतरा दिवस इस्पितळात काढून ती परत आली, तोवर त्या ओळीतले सहा जण गेले होते. थनासिस वाचला.

"केलंत ते बरं केलंत, मावशी," मी म्हणाले.

"बरं कसलं! श्वास घेता येईना तेव्हा त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या मी. आणि स्वतःलाही."

अजून तोंड झाकलेलं कुणी दारात दिसलं की ती घाबरून घंटा दाबते. म्हणून सूप नेताना मी आधी बाहेरूनच सांगते, "मावशी, मी लोसा." मगच आत जाते.