बकरीचे दात पाहणारा

बीबी गावच्या बाजारात एक म्हातारा बकरी पाहून राह्यला होता. त्यानं तिचे दात पाह्यले, कास दाबली अन् विकणाऱ्याले म्हणे, "पहिल्या वेताची सांगतं बे? चार वेत झाले हिचे!" मले माणूस आवडला.

मंग चहा पेताना त्यानंच सांगतलं, फोनवर एका साहेबाले ओटीपी देल्ला अन् खातं साफ झालं. आता तो साहेब म्हणते, अजून थोडे पाठवा, सारे वापस देतो. म्हणून बकरी न घेता ते पैसे त्याच्यासाठी राखून ठेवले.

माझं डोस्कं फिरलं. "बकरीचं तोंड उघडून पाह्यतं, अन् ज्याचं तोंडही पाह्यलं नाही त्याले ओटीपी काऊन देल्ला?"

"तो मले बाबूजी म्हणते. घरी सारे बुढ्ढाच म्हणतात."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"ए बुढ्ढ्या, उचलू नको!" मी ओरडलो.

त्यानं माझ्याकडं पाह्यलं, टोपी सरळ केली अन् फोन कानाले लावला. "हाव साहेब, बोला."