हत्ती दात बघतो

आमच्या राहनाळच्या आळीतला माझा शेजारी दापोड्याच्या गोदामात सुपरवायझर आहे. त्याच्या एका हाकेने तिथले ट्रक आपोआप मागे सरकतात, पण हसताना मात्र तो नव्या नवरीसारखा तोंडावर हात धरतो. कारण गुटखा. त्याच्या पिचकाऱ्यांत भिवंडीतलं सगळं कापड रंगून निघेल, असं मी आळीभर सांगत असतो.

अंगणवाडीच्या ताईंनी पालकांच्या मोबाइलवर एक खेळ दिलाय. त्यातला हत्ती सकाळी मुलांबरोबर दात घासतो आणि शेवटी ओरडतो, "दात दाखवा!" मग फोटो निघतो.

परवा ओट्यावर शेजाऱ्याच्या चिमुरड्या लेकीने आपले दात दाखवले आणि मोबाइल बापाकडे वळवला. "बाबा, आता तू."

"माझे पडलेत गं," तो ओठ मिटूनच म्हणाला.

"मग ते लाल लाल काय हाय?"

मी हनुवटी वर उचलून असा हसलो की खाडीवरचे बगळे उडाले असतील. "दाखव ना रे! हत्ती पळून जाईल म्हणून घाबरतोस काय?"

त्याने शर्टाची कॉलर तोंडापर्यंत ओढली. तेवढ्यात पोरीने मोबाइल माझ्याकडे फिरवला. "काका, तुमी दाखवा."

माझ्या गालात सकाळचीच पुडी होती. आयुष्यात पहिल्यांदा मला तोंड उघडता येईना.

"काकांचेबी पडलेत गं," तो हळूच म्हणाला.

पोर आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. हत्ती पुन्हा ओरडला, "दात दाखवा!"